आकांक्षा, संनिधी आणि 'एक्स्पेक्ट'

साहित्याच्या अभ्यासकाने संगणकाकडे पाहावे कसे, ह्याच्या दोन सवयी आपल्याकडे रुजल्या आहेत. एका सवयीनुसार संगणक हे टंकलेखनाचे, शब्दसूची करण्याचे आणि जुने अंक जपून ठेवण्याचे साधन असते. दुसरीनुसार ते वाचनसंस्कृतीवर आलेले अरिष्ट असते. दोन्ही सवयींत एक गोष्ट निसटते. संगणक चालतो तो मजकुरावर, आणि त्यातला बराचसा मजकूर वाचण्याजोगा असतो. आम्हांला येथे अशा एका मजकूरप्रकाराविषयी लिहायचे आहे, जो ललित नाही, शास्त्रीयही नाही आणि वाङ्मयाच्या वर्गात ज्याचा उल्लेख सहसा होत नाही. टर्मिनलवर माणसाने यंत्राशी करावयाचा संवाद माणसाच्या वतीने पार पाडणारी संहिता, हा तो प्रकार. वाचन म्हणजे काय, प्रश्न विचारणे म्हणजे काय आणि 'हो' म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे तिन्ही मुद्दे ह्या संहितांत जितके उघडे दिसतात तितके क्वचितच अन्यत्र दिसतात, असे आमचे मत आहे.

प्रथम टर्मिनलविषयी. आज पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीची जी खिडकी आपण पाहतो, ती टर्मिनल नव्हे. तो 'टर्मिनल एम्युलेटर', म्हणजे टर्मिनलची नक्कल आहे. नक्कल बहुतेक वेळा १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने बाजारात आणलेल्या 'व्हीटी१००' ह्या यंत्राची असते. ऐंशी स्तंभ, चोवीस ओळी, आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर. पण व्हीटी१०० हेही आपल्या परीने नकलाकारच होते. कागदाच्या भेंडोळ्यावर अक्षरे ठोकणाऱ्या टेलिटाइप यंत्राची जागा त्याने घेतली होती. युनिक्समध्ये त्या टेलिटाइपचे 'टीटीवाय' हे लघुरूप आजही टिकून आहे. एका चौकटीत एक अक्षर हा दंडक रोमी लिपीला मानवतो. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, लेखनात आधी. जोडाक्षराला किती चौकटी द्याव्यात ह्याचे एकच उत्तर नाही. म्हणून आजही अनेक टर्मिनल एम्युलेटरांत मराठी मजकूर मोडका दिसतो. साधन घडवताना कोणती लिपी डोळ्यांसमोर होती, हे साधनच सांगत असते.

टर्मिनलवरचा व्यवहार हा मुळात संवाद आहे. यंत्र एक छोटी खूण किंवा प्रश्न पुढे करते, माणूस उत्तर टंकतो, यंत्र पुढची ओळ म्हणते. ह्या खुणेला 'प्रॉम्प्ट' म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द विंगेत वही घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रॉम्प्टरामुळे ओळखीचा आहे. नट अडला की प्रॉम्प्टर शब्द पुरवतो. टर्मिनलवर विंगेतले यंत्र असते आणि रंगमंचावर माणूस. मात्र तेच नाटक रोज, तेच संवाद रोज, असे होऊ लागले की माणूस कंटाळतो आणि आपल्या जागी दुसरा कोणी उभा करता येईल का, ह्याचा विचार करू लागतो. 'स्क्रिप्ट' ह्या इंग्रजी शब्दाला नाटकाच्या संदर्भात आपण 'संहिता' म्हणतो. संगणकाच्या संदर्भातही तोच शब्द चपखल बसतो, म्हणून आम्ही तो वापरत आहोत.

अशा संहितांचे एक जुने रूप 'यूयूसीपी' ह्या व्यवस्थेत सापडते. बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क ह्यांनी ती रचली आणि १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर ती सर्वदूर गेली. एका संगणकाने दूरध्वनीवरून दुसऱ्याला गाठायचे, माणसासारखे आपले नाव सांगायचे, परवलीचा शब्द द्यायचा आणि कागदपत्रांची देवघेव करायची. त्यासाठी दोन दोन शब्दांच्या जोड्या लिहून ठेवत: समोरून काय ऐकू येईल, आणि त्यावर काय म्हणायचे. ह्या जोड्यांत 'लॉगिन' हा शब्द पुरता लिहीत नसत. त्याचे पहिले अक्षर गाळून उरलेला 'ऑगिन' तेवढा लिहीत. कारण कोणते यंत्र ते पहिले रोमी अक्षर मोठे काढील आणि कोणते लहान, ह्याचा भरवसा नव्हता. जे बदलू शकते ते सोडा, जे टिकते त्याचीच वाट पाहा. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्याला ह्यात ओळखीचे काही आढळेल.

ह्या युक्तीचे शिस्तशीर भाषेत रूपांतर केले ते डॉन लाइब्स ह्यांनी. अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय संस्थेत काम करत असताना त्यांनी १९९० साली 'एक्स्पेक्ट' हे साधन जाहीर केले. त्याचा पाया होता 'टिकल' ही स्क्रिप्टिंग भाषा, जी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जॉन औस्टरहाउट ह्यांनी १९८८पासून घडवली होती. सरकारी संस्थेतले काम असल्यामुळे एक्स्पेक्टवर कोणाचा स्वामित्वहक्क राहिला नाही. ते सर्वांचे झाले. पुढे पर्ल, पायथन अशा भाषांतही त्याच्या प्रतिकृती निघाल्या. त्याची मुख्य क्रियापदे चारच: 'स्पॉन', म्हणजे समोरचा प्रोग्रॅम सुरू करणे, 'एक्स्पेक्ट', म्हणजे अमुक मजकुराची वाट पाहणे, 'सेंड', म्हणजे उत्तर पाठवणे, आणि 'इंटरॅक्ट', म्हणजे सूत्रे पुन्हा माणसाच्या हाती देणे. संगणकाच्या भाषा सहसा आज्ञार्थी असतात: हे कर, ते मोज, तिकडे जा. येथे एका भाषेचे नावच 'अपेक्षा कर' असे आहे. आज्ञा आहेच, पण ती वाट पाहण्याची आज्ञा आहे.

अपेक्षा हा शब्द वाङ्मयविचाराला नवा नाही. हान्स रॉबर्ट याउस ह्यांनी १९६७ साली कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजाची कल्पना मांडली, ती आपल्या विद्यापीठांत शिकवली जाते. परंतु एक्स्पेक्टची संहिता समजून घ्यायला त्याहून जवळचे साधन आपल्या परंपरेत आहे. वाक्यातून अर्थबोध होण्यासाठी तीन गोष्टी लागतात, असे न्यायशास्त्राचे पाठ्यग्रंथ सांगतात: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे नुसते शब्द ठेवले तर वाक्य होत नाही, कारण एका पदाला दुसऱ्याची आकांक्षा नाही. 'विस्तवाने झाड शिंपतो' ह्यात आकांक्षा आहे, पण योग्यता नाही. अर्थाला वस्तुस्थितीचा अडथळा येतो. आणि 'गाय आण' ह्यातले दोन शब्द प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारले तर संनिधी नसल्यामुळे बोध होत नाही.

आता ह्या तीन अटी एक्स्पेक्टला लावून पाहा. आकांक्षा तेथे आहे. ती तर त्या भाषेचे नावच आहे. संनिधीही आहे. वाट किती वेळ पाहायची ह्याची मर्यादा ठरलेली असते आणि लेखकाने वेगळे काही सांगितले नाही तर ती १० सेकंदांची असते. त्या अवधीत अपेक्षित शब्द आला नाही तर 'टाइमआउट' झाले असे समजून संहितेने दुसरा मार्ग धरावा, अशी सोय आहे. नसते ती योग्यता. समोरून आलेले शब्द खरे आहेत का, ते जगाशी जुळतात का, ह्याची दाद संहितेला लागत नाही. शब्द जुळला की अर्थ जुळला, असे ती धरून चालते. अर्थबोधाच्या तीनपैकी दोन अटी पाळून किती मजल मारता येते आणि नेमके कोठे अडायला होते, हे पाहण्याची अशी उघडी प्रयोगशाळा दुसरीकडे मिळणे कठीण.

एक्स्पेक्टबरोबर 'ऑटोएक्स्पेक्ट' नावाचे एक जोडसाधन येते. माणूस टर्मिनलवर जे करतो ते ते पाहते आणि त्यावरून संहिता आपोआप लिहून देते. अडचण अशी की ते सारेच जसेच्या तसे टिपते. समोरच्या प्रोग्रॅमने आजची तारीख छापली असेल तर संहिता उद्याही आजच्याच तारखेची वाट पाहत बसते. कोणता शब्द प्रसंगाचा आणि कोणता रचनेचा, हा विवेक करायला माणूस लागतो. त्याने संहिता हाती घेऊन तारखेच्या जागी 'येथे काहीही येईल' असे लिहायचे असते. मार्गदर्शकातील उत्तर स्वल्पविरामांसह पाठ करून आलेला विद्यार्थी आणि कविता वाचून आलेला विद्यार्थी ह्यांतला फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको. पाठांतर हे वाचन नव्हे, हे आपण वर्गात सांगतो. येथे ते यंत्र स्वतः सिद्ध करून दाखवते.

अनुवादाच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी तीव्र होते. समोरचा प्रोग्रॅम इंग्रजीऐवजी जर्मन किंवा मराठीत बोलू लागला की 'पासवर्ड' ह्या शब्दाची वाट पाहणारी संहिता बधिर होते. म्हणून जाणते लोक संहिता चालवण्यापूर्वी भाषेची मांडणी 'सी' नावाच्या मूळ, अननुवादित स्थितीवर आणून ठेवतात. माणसाच्या सोयीसाठी कोणी कष्टाने केलेला अनुवाद यंत्राच्या सोयीसाठी बाजूला सारला जातो. इतकेच नव्हे, तर एखाद्या प्रश्नावर पुष्कळ संहिता विसंबल्या की त्या प्रश्नाचे मूळ इंग्रजी शब्द सुधारणेही अवघड होते, कारण कोठे काय मोडेल हे सांगता येत नाही. माणसासाठी लिहिलेले वाक्य अशा रीतीने हळूहळू मंत्र बनते: अर्थ गौण, उच्चार मुख्य.

येथवर आम्ही त्रुटी सांगितल्या. आता आमचा मुख्य मुद्दा. काही प्रोग्रॅम मुद्दामच माणसाचा आग्रह धरतात. दूरच्या संगणकाशी सुरक्षित संपर्क साधणारे 'एसएसएच' परवलीचा शब्द सहजासहजी दुसऱ्या प्रोग्रॅमकडून घेत नाही; तो थेट टर्मिनलवरून वाचते. मागे माणूस बसला असेल, हे त्यातले गृहीतक. एक्स्पेक्ट त्यावर उपाय म्हणून समोरच्या प्रोग्रॅमला एक खोटे टर्मिनल देते. तांत्रिक परिभाषेत त्याला 'स्यूडो-टर्मिनल' म्हणतात. मराठीत त्याला तोतया टर्मिनल म्हणायला हरकत नसावी. एक्स्पेक्टची माहितीपुस्तिका ह्याबाबतीत फारच मनमोकळी आहे. माणसाच्या हाताने टंकल्यासारखी अनियमित अंतराने अक्षरे पाठवण्याची सोय तीत सांगितली आहे. चपळ टंकलेखकासाठी एक आकडेमांड आणि आदल्या रात्रीची नशा न उतरलेल्यासाठी दुसरी, अशी उदाहरणेही दिली आहेत. चुका मात्र आपोआप होत नाहीत. त्या हव्या असतील तर लेखकाने चूक आणि दुरुस्ती दोन्ही स्वतः लिहून ठेवावी, असे पुस्तिका सांगते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा ओळख पटवणे हा राज्यापुढचा प्रश्न झाला होता. टर्मिनलपुढे तोतया उभा असतो तेव्हा मात्र त्याला उभे करणारे आपणच असतो, आणि ओळख पटवण्याची निकड कोणालाच भासत नाही.

निकड भासायला हवी ती पुढील कारणाने. एसएसएच प्रथमच एखाद्या संगणकाला गाठते, तेव्हा त्या संगणकाच्या किल्लीचा ठसा पडद्यावर छापते आणि विचारते की पुढे जायचे हे नक्की का. हा खरा प्रश्न आहे. समोरचा संगणक तोच आहे की मध्ये कोणी बसले आहे, हे ठरवायला त्या वेळी माणसाजवळ तो ठसा ताडून पाहण्याखेरीज उपाय नसतो. फिनलंडमधील तातू यूलोनेन ह्यांनी १९९५ साली एसएसएच लिहिले तेच मुळी जाळ्यावरून परवलीचे शब्द चोरले जात होते म्हणून. आणि संहिता लिहिणारा ह्या प्रश्नापुढे काय लिहितो? 'ही ओळ दिसली की हो म्हण.' ठसा कोणता आहे ते त्याची संहिता वाचतच नाही. प्रश्नाचे शेवटचे चार शब्द ओळखते आणि संमती देऊन मोकळी होते. प्रश्न विचारला गेला, उत्तर दिले गेले, नोंद झाली, आणि विचार कोणीच केला नाही. सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्येच 'यस' नावाची एक आज्ञा होती. थांबवेपर्यंत 'वाय' हे एकच होकारार्थी अक्षर ओळीमागून ओळ छापत राहणे, एवढेच तिचे काम. ती आज्ञा आजही उपलब्ध आहे. संमतीचे इतके प्रांजळ विडंबन एखाद्या उपहासकारालाही सुचले नसते.

ह्यावर आक्षेप येईल, आणि तो दुबळा नाही. यंत्रे विचारतात त्यांतले बहुतेक प्रश्न खरे प्रश्न नसतातच. दोनशे संगणकांवर तीच फाइल दोनशे वेळा पाठवताना 'नक्की का' ह्याला दोनशे वेळा 'हो' म्हणणारा माणूस दोनशे वेळा विचार करत नसतो. तिसऱ्या खेपेपासून तोही यंत्रच झालेला असतो. मग ते काम यंत्राला देऊन माणसाला मोकळे करण्यात पाप कोणते? पाप काहीच नाही. निरर्थक प्रश्नांच्या जाचातून माणसाला सोडवणारी संहिता आम्हांला स्वागतार्ह वाटते. आमचा मुद्दा एवढाच की खरा प्रश्न कोणता आणि खोटा कोणता, ही निवड संहिता लिहिताना माणसाने करायची असते. ती निवड टाळली की संहिता दोहोंना एकाच 'हो'ने निकालात काढते.

ही निवड करता येते, आणि ती करण्याची जागा लाइब्स ह्यांनी भाषेतच ठेवली होती. त्यांचे एक आवडते उदाहरण 'एफएससीके' ह्या प्रोग्रॅमचे आहे. तबकडीवरील फाइलींची व्यवस्था बिघडली की तो तपासतो आणि पदोपदी विचारतो: हे दुरुस्त करू का? त्या प्रोग्रॅमला सर्व प्रश्नांना सरसकट 'हो' किंवा सरसकट 'नाही' असे सांगून ठेवता येत होते. एक्स्पेक्टने तिसरी शक्यता आणली: काही प्रश्नांना 'हो', काहींना 'नाही', आणि उरलेल्यांच्या वेळी सूत्रे माणसाच्या हाती. 'इंटरॅक्ट' हे क्रियापद त्यासाठीच आहे. दुसरे उदाहरण खेळातले. 'रोग' ह्या खेळात सुरुवातीला मिळणारे बळ दैवाधीन असते. संहिता खेळ पुन्हा पुन्हा सुरू करते, पडद्यावर बळ १८ दिसेपर्यंत आधीचे डाव टाकून देते, आणि दिसले की बाजूला होऊन खेळ माणसाला देते. कंटाळा यंत्राने सोसावा, खेळ माणसाने खेळावा, अशी ही वाटणी आहे. आम्हांला ती शहाणपणाची वाटते.

गेल्या काही वर्षांत ह्या विषयाला नवे वळण लागले आहे. मोठी भाषा-प्रारूपे आता टर्मिनलवर स्वतः आज्ञा देतात, आलेला मजकूर वाचतात आणि पुढची आज्ञा ठरवतात. त्यांना 'ऑगिन'सारख्या युक्त्या लागत नाहीत. तारीख बदलली, शब्द बदलले, भाषा बदलली, तरी ती अडत नाहीत. एक्स्पेक्टच्या संहितेचा ठिसूळपणा त्यांनी संपवला, असे म्हटले जाईल, आणि ते खरे आहे. परंतु तो ठिसूळपणा हा केवळ दोष नव्हता. अनपेक्षित वाक्य समोर आले की नीट लिहिलेली जुनी संहिता थांबत असे. दहा सेकंद वाट पाहून 'मला हे कळत नाही' असे ती आपल्या परीने कबूल करत असे. नवे साधन थांबण्याऐवजी अर्थ लावते. अर्थ लावणे ही वाचकाची थोर शक्ती आहे हे आम्ही जाणतो. पण प्रत्येक वाक्याचा काही ना काही अर्थ लावून पुढे सरकणारा वाचक चांगला वाचक नव्हे, हेही वाङ्मयाचे शिक्षक जाणतात. योग्यता म्हणजे अर्थाला जगाकडून अडथळा नसणे. वाक्य भाषेच्या दृष्टीने कितीही सुसंगत वाटले तरी पडद्यावरचा ठसा त्याच संगणकाचा आहे का, हे वाक्यात नसते. ते भाषेबाहेर जाऊन तपासावे लागते. ह्या साधनांनी परवानगी मागावी अशी सोय पुष्कळ ठिकाणी ठेवलेली असते. पण तेथेही माणूस तिसऱ्या खेपेपासून न वाचता 'हो' म्हणू लागतो. तोतया आता पडद्याच्या ह्या बाजूला आहे.

उपाय म्हणून यंत्रे टाकून द्या असे आम्ही सुचवत नाही. एसएसएचच्या कर्त्यांनी २०१९मध्ये एक छोटी सुधारणा केली, ती येथे नमूद करण्याजोगी आहे. त्या प्रश्नाला आता 'हो' किंवा 'नाही' म्हणता येतेच, पण 'हो'ऐवजी अपेक्षित ठसाच उत्तर म्हणून देता येतो. ठसा जुळला तरच संपर्क पुढे जातो. म्हणजे 'मला मान्य आहे' एवढ्याने न भागवता 'मला हे मान्य आहे' असे सांगण्याची सोय झाली. ह्या एका दर्शक सर्वनामात संमती आणि होयबागिरी ह्यांतले सारे अंतर सामावले आहे. संहिता लिहिणाऱ्याने तो ठसा आधी विश्वासाच्या मार्गाने मिळवून संहितेत लिहून ठेवला, तर योग्यतेचा थोडा अंश तरी संहितेत येतो, आणि तो माणसाने आणलेला असतो.

म्हणून आमची सूचना वाङ्मयाच्या वर्गासाठी आहे. शाब्दबोध शिकवताना, वाचककेंद्री समीक्षा शिकवताना, नाट्यसंहिता आणि प्रयोग ह्यांतले नाते शिकवताना वीसेक ओळींची एक एक्स्पेक्ट संहिता विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. ती समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही; चार क्रियापदे पुरतात. तीत कोणत्या ओळीवर यंत्र वाट पाहते, कोणत्या ओळीवर ते न वाचता उत्तर देते, आणि 'इंटरॅक्ट' हा शब्द कोठे यायला हवा होता पण आला नाही, हे त्यांनी शोधावे. पुढे त्यांच्यापैकी अनेकांना कार्यालयांत, ग्रंथालयांत, विद्यापीठांच्या परीक्षाविभागांत आपल्या वतीने 'हो' म्हणणारी साधने वापरावी लागतील. त्यांतला कोणता होकार आपला आणि कोणता नुसताच छापला गेलेला, हे ओळखण्याचे शिक्षण देणारा वाङ्मयाइतका जवळचा विषय आम्हांला तरी दुसरा दिसत नाही.